आधार नक्की कशाचा पुरावा? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात शेवटच्या पानावर एक छोटी चौकट टाकली होती, आधारचं काही अडलं असेल तर लिहा म्हणून. पत्रं आली, मेसेज आले, दोघीतिघींनी तर थेट फोन करून अर्धा अर्धा तास सांगितलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतलेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

आधार काढलं कोणी यावरून आमच्या घरात कायम वाद. सासरे म्हणतात मनमोहन सिंगांनी, नवरा म्हणतो मोदींनी. आणि व्होटर कार्ड, रेशन कार्ड आधीच होतं की, मग आणखी एक कशाला? — एक वाचक, मिरज

सासऱ्यांना जास्त मार्क द्यावे लागतील, पण गोष्ट दोघांच्याही आधी सुरू होते. १९९९ चं कारगिल युद्ध झालं, त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली, तिने सांगितलं की सीमेवरच्या गावांतल्या लोकांना ओळखपत्रं द्या, म्हणजे आपला कोण आणि घुसून आलेला कोण ते कळेल. २००१ मध्ये मंत्रिगटाने ते पुढे नेलं, सगळ्या देशासाठी बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्र करा म्हणाले, २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात तसं कलमही आलं. हे सगळं वाजपेयींच्या काळातलं. तेव्हाचा विचार होता *नागरिकाचं* कार्ड, हे लक्षात ठेवा, पुढे एका उत्तरात ते लागणारेय.

मग २८ जानेवारी २००९ ला नियोजन आयोगाखाली यूआयडीएआय म्हणजे विशिष्ट ओळख प्राधिकरण निघालं, नंदन निलेकणी त्याचे अध्यक्ष झाले आणि गाडीने रूळच बदलला. कार्ड नको, नंबर द्यायचा. फक्त नागरिकाला नाही, इथे राहणाऱ्या प्रत्येकाला. आणि घुसखोर शोधण्यापेक्षा सरकारी मदत ज्याची त्याला पोचते का हे बघायचं. पहिलं आधार दिलं गेलं २९ सप्टेंबर २०१० ला, आणि ते दिल्लीमुंबईत नाही तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. मला ही निवड तेव्हाही आवडली होती. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याच्यापासून सुरुवात करायची, यात काहीतरी खरं होतं.

आता व्होटर कार्ड होतं की, हा मुद्दा. मतदार ओळखपत्र १९९३ पासून, टी. एन. शेषन यांच्या वेळेपासून आहे, पण ते अठरा पूर्ण झालेल्यालाच मिळतं. रेशन कार्ड कुटुंबाचं असतं, एका माणसाचं नाही. पॅन ज्याला टॅक्स किंवा मोठे व्यवहार करायचेत त्याला. पासपोर्ट तर किती जणांकडे असतो. आणि यातलं प्रत्येक कार्ड गावाशी, पत्त्याशी, त्या ऑफिसशी बांधलेलं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात, बांधकामावरचा माणूस दर वर्षी नव्या शहरात, त्याला तिथे कोण ओळखणार? गाव सोडलं की ओळख मागे गावातच राहायची. ही अडचण खरी होती आणि आधारने ती बऱ्यापैकी सोडवली, हे मी मनापासून मानते.

नवऱ्यालाही थोडे मार्क द्या कारण कायदा २०१६ चा. २०१० मध्ये एक विधेयक आलं होतं, ते यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये नाकारलं, आणि तरी नोंदणी चालूच राहिली. म्हणजे बघा, जवळपास साडेपाच वर्षं देशभर लोकांच्या दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे फोटो घेतले जात होते आणि त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. मार्च २०१६ मध्ये तो आला तोही धनविधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला तो अडवताच येणार नाही असा. एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटी आधार पूर्ण झाले. आधी काम, मग कायदा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

एक शेवटचं. आधार म्हणजे कार्ड नाही, नंबर आहे. बारा आकडे, त्यात तुमचं राज्य, जात, वय काहीही लपलेलं नाही, आकडे असेच कसेही पडलेले असतात, फक्त पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढतात, म्हणजे नंबर टाइप करताना एक आकडा चुकला तर कॉम्प्युटरला लगेच कळतं. आणि हा नंबर यंत्रात टाकून तुम्ही बोट ठेवता तेव्हा यंत्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, हा माणूस तोच आहे का जो नोंदणीला आला होता? हो किंवा नाही. पुढची सगळी पत्रं वाचताना मला सारखं वाटत होतं की आपण या नंबरला भलतेच प्रश्न विचारतोय, हा गरीब आहे का, हा भारतीय आहे का, याचं वय किती, आणि तो नाही म्हणाला की माणसाला दारातून परत पाठवतोय.

माझी सासू ७४ वर्षांची. रेशन दुकानात थम लागतच नाही. दोन महिने धान्य मिळालं नाही, दुकानदार म्हणतो मशीन घेत नाही तर मी काय करू. — एक वाचक, जत तालुका

हे पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले कारण हे आमच्या घरी झालंय. माझ्या आईने आयुष्यभर खुरपं धरलं, धुणीभांडी केली, तिच्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत. एका केंद्रावर तिला चार वेळा बोलावलं, प्रत्येक वेळी बोट पुसा, ओलं करा, दाबून धरा, जोरात दाबा, आणि पाचव्यांदा तिथला मुलगा म्हणाला आजी तुमचा हातच खराब आहे. ती घरी येऊन आपला हात बघत बसली होती. मला ते अजून विसरता येत नाही. चूक हाताची नव्हती हो, चूक त्या व्यवस्थेची होती जिने धरून चाललं की प्रत्येकाचं बोट ऑफिसात बसणाऱ्या माणसासारखं असेल.

बोटांवरून माणूस ओळखायची ही पद्धत मुळात आपल्याच देशातून जगभर गेली हे फार लोकांना माहीत नसतं. १८५८ मध्ये बंगालमधल्या हुगळीकडे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, म्हणजे हा माणूस उद्या सही माझी नाही म्हणू नये. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं ऑफिस निघालं, ठशांची वर्गवारी लावायचं खरं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं पण पद्धतीला नाव मिळालं त्यांचा साहेब एडवर्ड हेन्री याचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ठसा ही गोष्ट ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडून घ्यायची होती. आणि आपणही अंगठाबहाद्दर म्हणून त्याच माणसाला हिणवत आलो. आता त्याच अंगठ्यावर त्याचं धान्य अडकवायचं म्हणजे फार झालं.

आता कामाचं. दुकानदाराला शांतपणे सांगा की थम लागला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना स्पष्ट लिहून कळवलंय की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून कोणाला परत पाठवायचं नाही. त्या पत्राच्या आधी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली, घरच्यांचं म्हणणं होतं की रेशन कार्ड आधारला जोडलं नाही म्हणून रद्द झालं आणि पोरीच्या पोटात दिवसेंदिवस अन्न नव्हतं, प्रशासनाने मात्र मलेरियाने गेली असं सांगितलं. खरं काय यावर भांडण झालं, पण कार्ड रद्द झालं होतं.

तुमच्या बाबतीत तीन वाटा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे रेशन कार्डवर ज्याचं नाव आहे असं घरातलं कोणीही थम देऊ शकतं, सासूनेच द्यावा असं नाही, तुमचं नाव कार्डवर असेल तर तुम्हीच जा. दुसरी, दहाही बोटं लावून बघायला सांगा, अंगठाच लावला पाहिजे असं काही नसतं, कधीकधी अनामिका किंवा करंगळी पटकन लागते कारण तिची झीज कमी झालेली असते. तिसरी, आधार सेंटरला नेऊन बोटं आणि डोळे पुन्हा अपडेट करून घ्या, वय झालं की ठसे बदलतात, दहा वर्षांपूर्वीच्या ठशाशी आजचं बोट जुळणार कसं? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्यांचं अपडेट नक्की करा. आणि एवढं करूनही दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलमध्ये पुरवठा विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि १९६७ या नंबरवर तक्रार नोंदवा. तोंडी भांडू नका, लेखी द्या, लेखी कागदाला ते घाबरतात.

लाडकी बहीणचे पैसे जमा झाले असा मेसेज आला पण माझ्या पासबुकात काहीच नाही. बँकेत विचारलं तर म्हणतात आधार लिंक आहे. मग पैसे गेले कुठे? — एक वाचक, परभणी

या एका प्रश्नाची सगळ्यात जास्त पत्रं आली आणि उत्तर तसं सोपं आहे पण कोणी नीट सांगतच नाही. बँकेत आधार लिंक असणं आणि आधार सीडिंग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे खातं उघडताना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, तुम्ही आधार दिलंत, ते पाच बँकांत असू शकतं. सीडिंग म्हणजे एनपीसीआय नावाची जी संस्था आहे, बँकांमधले व्यवहार चालवणारी, तिच्या यादीत तुमच्या आधारसमोर एका बँकेचं नाव लिहिलेलं असतं. एकाच. सरकार पैसे पाठवताना खाते नंबर बघत नाही, आधार नंबर बघतं आणि यादीत त्याच्यासमोर जी बँक आहे तिकडे पैसे ढकलतं. आणि सगळ्यात शेवटी जिथे सीडिंग झालं ती बँक यादीत राहते, आधीची जाते.

म्हणजे तुम्ही कधीतरी बचत गटासाठी, मुलाच्या स्कॉलरशिपसाठी, किंवा कोणीतरी शिबिर लावून झिरो बॅलन्सचं खातं काढून दिलं असेल आणि तिथे संमतीच्या चौकटीत टिक झाली असेल तर दीड हजार रुपये तिकडे जात असतील. पैसे बुडालेले नाहीत, तुमच्याच नावच्या दुसऱ्या खात्यात पडलेत. २०१७ मध्ये तर एका मोबाईल कंपनीने सिम व्हेरिफाय करताना लोकांना नीट न सांगताच आपल्या पेमेंट बँकेत खाती उघडली आणि गॅसची सबसिडी तिकडे जाऊ लागली, लोक महिनोन् महिने जुन्या बँकेत हेलपाटे घालत होते, शेवटी त्या कंपनीची आधार वापरायची परवानगी काही काळ थांबवली गेली.

बघायचं कसं, तर माय आधार वेबसाइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून आत जा, तिथे बँक सीडिंग स्टेटस असं दिसेल, त्यात बँकेचं नाव येतं. मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही, तो आधी सेंटरला जाऊन जोडून घ्या. बँक बदलायची असेल तर जी बँक हवी तिथे जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा, तोंडी 'लिंक करा' म्हणू नका, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, सीडिंग करा असंच म्हणा. शब्द महत्त्वाचा आहे, नाहीतर काउंटरवरचा माणूस पुन्हा केवायसी करून पाठवून देतो आणि तुमची एक दिवसाची मजुरी जाते.

आधारवर माझी जन्मतारीख १ जानेवारी आहे, शाळेच्या दाखल्यावर १ जून, आणि आई म्हणते तू पोळ्याच्या आसपास झालास. पेन्शनच्या कागदात घोळ होतोय. — एक वाचक, अमरावती

१ जूनवाले आपल्याकडे घराघरात आहेत! शाळेत नाव घालायला मूल आलं, तारीख कोणाला माहीत नाही, मास्तरांनी वर्ष अंदाजाने धरून १ जून लावून टाकली. आणि आधारच्या वेळी ज्यांनी नुसतं वर्ष किंवा वय सांगितलं त्यांना १ जानेवारी मिळाली.

ज्या आधारवर तारीख अशी तोंडी सांगून लागली असेल ती तारीख पुरावा कशी होईल, सांगा. यूआयडीएआयने स्वतःच डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, जानेवारी २०२४ मध्ये प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसने आधार त्या यादीतून काढलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका खटल्यात शाळेचा दाखला धरला, आधार नाही. म्हणून तुम्ही शाळा सोडल्याचा दाखला मूळ धरून चला आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करायला जाऊ नका. पण कोणते कागद चालतील ते जायच्या आधी १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर फोन करून विचारा, कारण जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते. नाव दोनदा. पत्ता मात्र कितीही वेळा. ती एक संधी घाईत वाया घालवू नका. पोळ्याची आठवण आईकडे राहू दे, ती खरी तारीख आहे.

लॉजवर, भाड्याच्या घराला, मुलाच्या क्लासला, सगळीकडे आधारची झेरॉक्स मागतात. द्यायची का? नाही दिली तर संशयाने बघतात. — एक वाचक, पुणे

मागतात कारण सोपं पडतं, कायदा सांगतो म्हणून नाही. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी, तेव्हा ऐंशीच्या पुढे वय, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात आधारविरुद्ध याचिका टाकली. त्यातून आधी २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि मग २६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक असा निकाल दिला. सरकारी अनुदान, मदत आणि पॅन यांना आधार चालेल, पण बँक खातं आणि मोबाईल सिमला सक्ती नाही, खासगी कंपन्यांना तर नाहीच. जे एकटे विरुद्ध बाजूला राहिले ते धनंजय चंद्रचूड, त्यांनी धनविधेयकाच्या वाटेने कायदा आणणं म्हणजे राज्यघटनेची फसवणूक आहे असं लिहिलं. पुढे २०१९ मध्ये कायदा बदलला आणि बँका, सिम यांना तुमच्या मर्जीने आधार घेता येईल असं झालं. मर्जीने. पण काउंटरवर उभं राहिल्यावर कोणाची मर्जी चालते ते तुम्हाला माहीतच आहे.

तर लॉजवाल्याला लायसन्स, व्होटर कार्ड काहीही द्या. आधारच द्यायचं झालं तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि तारीख लिहा. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरूच्या ऑफिसने लोकांना सांगितलं होतं की झेरॉक्स वाटू नका, मास्क्ड द्या, आणि लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. माझं मत विचाराल तर ते मागे घ्यायला नको होतं, सल्ला चांगला होता.

झेरॉक्सपेक्षा मोठी भीती ठशांची आहे. जमिनीच्या खरेदीखतावर नंबरही असतो आणि अंगठाही असतो, त्यावरून सिलिकॉनचा ठसा बनवून आधारवाल्या एटीएममधून, म्हणजे ज्याला एईपीएस म्हणतात त्यातून, खाती रिकामी केल्याचे गुन्हे अनेक राज्यांत घडलेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? म्हणून एम-आधार ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करून टाका, लागेल तेव्हा काही मिनिटांपुरतं उघडतं. ज्यांना रेशनला दर महिन्याला थम द्यावा लागतो त्यांनी हे लक्षात ठेवून करा नाहीतर दुकानात जाऊन पंचाईत होईल.

आधार असूनही आम्ही नागरिक नाही असं कसं काय? मग एवढा खटाटोप कशासाठी केला? बाकीच्या देशांत काय असतं? — एक वाचक, मालेगाव

तुमच्या पत्रात काळजी आहे ती मला समजते, म्हणून सरळ सांगते. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा (डोमिसाइलचा) पुरावा नाही. याचा अर्थ आधार असलेला नागरिक नाही असा होत नाही. अर्थ एवढाच की तो प्रश्न आधारला विचारलेलाच नव्हता. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला कोणीही, परदेशी माणूससुद्धा, आधार काढू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला आधीच्या अकरा कागदांसोबत आधार बारावा कागद म्हणून घ्यायला लावला, पण ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नाही, हेही सोबत सांगितलं. पहिल्या उत्तरात जे कारगिलनंतरचं नागरिकाचं कार्ड म्हटलं ते आणि आधार ही दोन वेगळी बियाणं आहेत, लोकांच्या मनात ती एकाच वाफ्यात पडली आणि भीती तिथून उगवली.

मला आधारमधली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती वाटते, तर त्यात काय *नाही* ती. धर्म, जात, जमात, वंश, भाषा, उत्पन्न, आजारपण यातलं काहीही गोळा करायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय. हे का महत्त्वाचं ते रवांडाला विचारा. बेल्जियनांच्या राज्यात १९३० च्या दशकात तिथल्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापायला लागले, आणि १९९४ मध्ये रस्त्यावर नाके लावून तेच कार्ड बघून माणसं मारली. हॉलंडमध्ये लोकसंख्येच्या नोंदी इतक्या नीटनेटक्या होत्या, धर्मासकट, की नाझींना ज्यू शोधायला कष्टच पडले नाहीत, शेवटी मार्च १९४३ मध्ये तिथल्या भूमिगत लोकांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी ऑफिसच पेटवलं.

ब्रिटनने १९३९ मध्ये युद्धासाठी ओळखपत्र काढलं, युद्ध संपलं तरी पोलीस मागतच राहिले. १९५० मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाने गाडी अडवल्यावर दाखवणार नाही म्हणून सांगितलं, खटला झाला, खालच्या न्यायालयाने दोषी धरूनही त्याला शिक्षा न देता सोडलं, आणि अपिलात मुख्य न्यायमूर्तींनी युद्धासाठीचा कायदा शांततेत असा वापरू नका म्हणून सरकारलाच सुनावलं. १९५२ मध्ये ती कार्डं गेली. २००६ मध्ये पुन्हा कायदा केला, २०१० मध्ये पुन्हा रद्द. दुसऱ्या टोकाला एस्टोनिया, चिमुकला देश, २००२ पासून चिपचं कार्ड, त्यावरून लोक सहीसुद्धा करतात. २०१७ मध्ये त्या चिपमध्ये दोष सापडला, साडेसात लाखांच्या आसपास कार्डांवर परिणाम होता, आणि सरकारने लपवाछपवी न करता लोकांना सांगून ती दुरुस्त करून घेतली. आपल्याकडे महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात दाखवलं की पावणेपाच लाखांवर आधार दुबार म्हणून रद्द करावे लागले होते. चूक सगळ्यांच्याच यंत्रणेत होते. चूक झाल्यावर हेलपाटे कोणी घालायचे, यंत्रणेने की माणसाने, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे, आणि आज तरी ते माणूसच घालतोय.

तुम्ही मात्र घाबरून एजंटकडे जाऊन नवे कागद बनवू नका. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांचे जुने मतदार यादीतले उतारे, जे खरं आहे ते एका फाईलमध्ये जमवून ठेवा, सगळ्यांचं नाव एकाच स्पेलिंगने आहे ना तेवढं बघा.

नातू पाच वर्षांचा झाला, आधार बंद पडेल म्हणतात, खरं का? — एक आजोबा, चिपळूण

लगेच बंद पडत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो घेतात, जन्मदाखला आणि आईवडिलांपैकी एकाचं आधार लागतं. म्हणून पाचला एकदा आणि पंधराला एकदा बोटं आणि डोळे द्यायचे. वेळेवर केलं तर फुकट आहे. फार वर्षं राहिलं तर मात्र स्कॉलरशिपच्या, परीक्षेच्या फॉर्मला अडतं, तेव्हा सुट्टीत उरकून टाका.

वडील गेले दिवाळीत. त्यांच्या आधारचं काय करायचं? कार्ड फाडून टाकू का, कोणी गैरवापर करेल का? आणि तो नंबर पुढे दुसऱ्या कोणाला देतात का? — एक वाचक, कोल्हापूर

वडील गेल्याचं वाचून वाईट वाटलं. फाडू नका, आत्ता तर अजिबात नको. विमा, बँकेतली ठेव, सातबाऱ्यावरची वारस नोंद, पेन्शनचं कुटुंब निवृत्तिवेतन, या प्रत्येक ठिकाणी त्यांच्या आधारची प्रत मागतील. चारपाच प्रती काढून मृत्यू दाखल्यासोबत एका पिशवीत ठेवा. त्यांचं मोबाईल सिमही लगेच बंद करू नका, ओटीपी त्यावर येतो.

ही कामं झाली की माय आधार वेबसाइटवर घरातल्या व्यक्तीच्या मृत्यूची नोंद करायची सोय २०२५ पासून आलीय, तुमच्या स्वतःच्या आधारने आत जायचं, त्यांचा आधार नंबर आणि मृत्यू दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक टाकायचा, तपासणी होते आणि नंबर निष्क्रिय होतो. त्यानंतर त्या नंबरवर कोणालाच काही करता येत नाही. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय तेही सांगते, तो नंबर नंतर दुसऱ्या कोणाला देत नाहीत.